एका सेंटने राखलेला पर्वत

पोलंड म्हटले की आपल्याकडील कॅथलिक कुटुंबांच्या मनात प्रथम संत पोप जॉन पॉल दुसरे यांची मूर्ती उभी राहते. चेन्स्तोहोवा येथील काळी माता, वादोवित्से येथील पोपमहोदयांचे जन्मघर, क्राको येथील दैवी दयेचे मंदिर ही स्थळे आपल्यापैकी अनेक यात्रेकरूंनी डोळे भरून पाहिली आहेत. कोल्हापूरच्या जुन्या पिढीला आणखी एक पोलंड ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात घरादाराला पारखे झालेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे येथील छावणीत राहिले होते. या दोन्ही आठवणी मनाशी बाळगूनच आम्ही क्राकोत पोहोचलो. आमच्या यात्रेच्या कार्यक्रमात एक दिवस मात्र कोणत्याही तीर्थक्षेत्रासाठी नव्हता. त्या रकान्यात केवळ 'तात्रा पर्वत' एवढेच छापलेले होते. खरे सांगायचे तर, तो दिवस विश्रांतीसाठी राखलेला असावा अशी माझी समजूत होती.

क्राकोपासून दक्षिणेस सुमारे १०० किलोमीटरवर झाकोपाने हे गाव आहे. त्याच्या मागे कार्पेथियन पर्वतरांगेतील सर्वांत उंच भाग, म्हणजे तात्रा, एखाद्या भिंतीसारखा अचानक उभा राहतो. या पर्वताचा मोठा हिस्सा स्लोव्हाकियात आहे. २,६५५ मीटर उंचीचे गेर्लाख हे सर्वोच्च शिखरही तिकडेच आहे. पोलंडच्या वाट्याला एकूण पर्वताचा जेमतेम पाचवा भाग आला आहे. परंतु पोलिश माणसाच्या मनात या एवढ्याशा भागाला जे स्थान आहे, ते पाहून परका प्रवासी चकित होतो. त्या प्रेमाचे मूळ शोधू लागलो, तेव्हा हाती आली ती एका जमीनदाराची, एका न्यायनिवाड्याची आणि एका दानाची कथा.

समुद्राचा डोळा

राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवर आमची बस थांबली. तेथून पुढे सुमारे नऊ किलोमीटरचा चढ पायी चालायचा होता. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी काही अंतरापर्यंत घोडागाड्या आहेत. आमच्यातील दोन आजी गाडीत बसल्या. बाकीचे आम्ही जपमाळ हाती घेऊन चालू लागलो. दोन्ही बाजूंना स्प्रूसचे दाट अरण्य होते. सूर्यप्रकाश जमिनीवर क्वचितच पोहोचत होता. वाऱ्याने उन्मळून पडलेली झाडे जागच्या जागी पडून राहिली होती आणि त्यांच्या कुजत चाललेल्या खोडांवर शेवाळ व बोटभर उंचीची नवी रोपे उगवली होती. ती कोणी उचलून का नेत नाही, असे एकाने विचारले. ती मुद्दामच तशी ठेवतात, असे आमच्या मार्गदर्शिकेने सांगितले. जुन्या अरण्यात मेलेले झाड हे पुढच्या झाडांचे पाळणाघर असते.

अडीच तासांनी झाडी विरळ झाली आणि समोर 'मोर्स्क्ये ओको' हे सरोवर उलगडले. या नावाचा अर्थ 'समुद्राचा डोळा'. हे सरोवर भूमिगत वाटेने समुद्राला जोडलेले आहे अशी जुन्या लोकांची श्रद्धा होती. त्याचे आणखी जुने नाव 'माशांचे तळे' असे होते. तात्रातील बहुतेक सरोवरांत मुळात मासेच नव्हते. या एका सरोवरात मात्र ट्राऊट जातीचे मासे निसर्गतःच आढळत, म्हणून ते नाव पडले. समुद्रसपाटीपासून १,३९५ मीटर उंचीवर असलेल्या या सरोवराचा विस्तार सुमारे ३४ हेक्टर असून खोली पन्नास मीटरपर्यंत जाते. तिन्ही बाजूंना करडे कडे सरळ आकाशात चढत गेलेले आणि त्यांचे प्रतिबिंब हिरव्या-निळ्या पाण्यात स्थिरावलेले. आमच्या गटात नेहमी चाललेली कुजबूजही तेथे आपोआप थांबली.

हा डोळा कोरला तो बर्फाने. हिमयुगात या दऱ्यांतून हिमनद्या सरकत होत्या. साठत गेलेल्या बर्फाच्या भाराने आणि त्यात अडकलेल्या दगडांच्या घासण्याने डोंगराच्या कुशीत प्रचंड वाडग्यासारखे खळगे तयार झाले. हिमनदीने पुढे ढकलत आणलेला दगडमातीचा ढीग तिच्या तोंडाशी बांधासारखा साचला. हवामान उबदार झाले, बर्फ वितळला आणि त्या नैसर्गिक बांधामागे पाणी साठून राहिले. मोर्स्क्ये ओकोच्या वरच्या अंगाला, सुमारे १९० मीटर उंचीवर, दुसऱ्या एका खळग्यात 'काळे तळे' आहे. त्याची खोली ७६ मीटर आहे. त्याच्याही वर पोलंडचे सर्वोच्च शिखर, २,४९९ मीटर उंचीचे रिसी, उभे आहे. आज तात्रात हिमनदी उरलेली नाही. तिने कोरलेली ही पात्रे तेवढी राहिली आहेत.

सरोवराच्या काठी कड्यांच्या कपारींत काही निराळेच वृक्ष दिसतात. पाइनच्या कुळातील या वृक्षाला पोलिश भाषेत 'लिंबा' म्हणतात. आपल्या लिंबाशी त्याचा नावापलीकडे काही संबंध नाही. तो फार सावकाश वाढतो आणि कित्येक शतके जगतो. त्याचे जड बी वाऱ्याने उडत नाही. एक विशिष्ट पक्षी हिवाळ्याच्या तरतुदीसाठी ते बी ठिकठिकाणी पुरून ठेवतो. जे बी त्याला पुन्हा सापडत नाही किंवा लागत नाही, त्यातून नवा वृक्ष उगवतो. उरलेले लिंबा वृक्ष बहुधा अशा अवघड जागी आहेत, की जेथे लाकूडतोड्याची कुऱ्हाड सहज पोहोचू शकली नाही. कुऱ्हाडीच्या या उल्लेखाने आमच्या मार्गदर्शिकेने इतिहासाचे पान उलटले.

लोखंडाची भूक

अठराव्या शतकाच्या अखेरीस पोलंड हा देश नकाशावरून पुसला गेला. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन साम्राज्यांनी त्याचे लचके तोडले आणि १७९५ पासून १९१८ पर्यंत पोलिश लोकांना स्वतःचे राज्य उरले नाही. तात्राचा उत्तर उतार ऑस्ट्रियाच्या गॅलिशिया प्रांतात गेला. झाकोपानेजवळच्या कुझ्निचे येथे लोखंड वितळविण्याच्या भट्ट्या होत्या. लोखंडाला कोळसा हवा आणि कोळशाला लाकूड. दऱ्यांच्या खालच्या भागातील बीच, फर व स्प्रूस यांचे मिश्र अरण्य या भट्ट्यांच्या पोटात गेले. तोडलेल्या जागी पुढे लावले गेले ते बहुतांशी एकटे स्प्रूस, कारण ते लवकर वाढते आणि त्याचे लाकूड खपते. या एका निर्णयाची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली; तिचा हिशेब पुढे येईल.

या उजाड होत चाललेल्या डोंगराच्या पायथ्याशी १८४८ साली एक तरुण धर्मगुरू आले. फादर युझेफ स्तोलार्चिक हे झाकोपानेचे पहिले धर्मग्रामप्रमुख. तेथील डोंगरी लोकांना 'गुराले' म्हणतात. मेंढपाळी, भट्टीवरील मजुरी आणि चोरटी शिकार यांवर त्यांची गुजराण चाले. फादर स्तोलार्चिक यांनी १८९३ साली डोळे मिटेपर्यंत, म्हणजे ४५ वर्षे, हे एकच धर्मग्राम सांभाळले. त्यांचे लहानसे लाकडी चर्च आजही उभे आहे. विशेष म्हणजे हे फादर पट्टीचे गिर्यारोहक होते. १८७४ साली, साठीकडे झुकलेले असताना, ते गेर्लाख शिखरावर चढून गेले होते. वॉर्साचे विख्यात डॉक्टर तितुस हाऊबिन्स्की यांच्याशी त्यांची मैत्री होती. १८७३ साली तात्रा संस्थेची स्थापना झाली आणि शहरातील सुशिक्षितांचे पाय या डोंगराकडे वळू लागले.

तत्पूर्वीच एक लहानसा पण दूरगामी कायदा झाला होता. तात्राच्या कड्यांवर शॅमॉय नावाचे रानशेळीसारखे जनावर आणि बिळात राहणारा मार्मोट हे दोन प्राणी आहेत. मार्मोटची चरबी औषधी मानली जाई आणि त्यापायी तो नामशेष होण्याच्या मार्गावर होता. एवगेनियुश यानोता हे धर्मगुरू व निसर्गअभ्यासक आणि माक्सिमिलियन नोवित्स्की हे प्राणिशास्त्रज्ञ या दोघांनी चिकाटीने पाठपुरावा केला. १८६८ साली ल्वूव येथील प्रांतिक विधिमंडळाने या दोन्ही प्राण्यांची शिकार व विक्री करण्यास बंदी घातली. वन्य प्राण्यांना त्यांच्याच रक्षणासाठी दिलेल्या कायद्यांपैकी हा जगातील अगदी आरंभीचा कायदा गणला जातो. त्यावर कळस असा, की राखणदार म्हणून नेमलेली माणसे पूर्वी स्वतःच चोरटी शिकार करणारी होती. ज्याला वाटा ठाऊक, त्यालाच राखण सोपवावी, हा व्यवहार आणि पश्चात्तापी माणसावर विश्वास टाकावा, ही ख्रिस्ती दृष्टी, असा दुहेरी शहाणपणा त्या नेमणुकीत होता.

प्राणी वाचले, पण झाडांचे काय? भट्ट्या तोट्यात गेल्या आणि जमीन एका जर्मन धनिकाकडून दुसऱ्याकडे गेली. नव्या मालकाने लाकडाच्या लगद्यासाठी अरण्य सपासप तोडले आणि अखेर तोही कर्जात बुडाला. झाकोपानेची सारी जहागीर लिलावात निघाली.

९ मे १८८९

लिलाव नोव्ही सोंच या गावी ठेवलेला होता. बोली लावणाऱ्यांत लाकडाच्या व्यवहारातील माणसे होती. त्यांच्या हाती डोंगर गेला असता तर काय झाले असते, हे सांगायला ज्योतिषी नको. त्यांच्याविरुद्ध एक वकील बसला होता. तो एका पस्तीस वर्षांच्या अविवाहित उमरावाच्या वतीने आला होता. त्या उमरावाचे नाव व्लादिस्लाव झामोयस्की. बोली चढत चढत ४,६०,००२ गुल्डन आणि २ सेंटपर्यंत गेली. तेव्हा वकिलाने ३ सेंट म्हटले आणि तात्राचे अरण्य एका सेंटच्या फरकाने झामोयस्की यांच्या नावावर झाले.

कोण होते हे झामोयस्की? त्यांचा जन्म १८५३ साली पॅरिस येथे परागंदा पोलिश घराण्यात झाला. प्रशियाच्या ताब्यातील कुर्निक येथील जहागीर त्यांना मामाकडून वारशाने मिळाली. तथापि फ्रेंच नागरिक असल्याने १८८५ साली प्रशियाने त्यांना आपल्या मुलुखातून हद्दपार केले. मायदेशी असूनही त्यांना स्वतःच्या घरात राहण्याची मुभा नव्हती. घर गमावलेल्या या माणसाने ऑस्ट्रियाच्या हद्दीत जो डोंगर विकत घेतला, त्यावर त्याने वाडा बांधला नाही की शिकारखाना उभारला नाही. त्याने तोड थांबविली आणि उघड्या पडलेल्या उतारांवर पुन्हा झाडे लावण्यास आरंभ केला. झाकोपानेला १८९९ साली रेल्वे आली, तीतही त्यांचा वाटा होता. स्वतः मात्र ते तिसऱ्या वर्गाने प्रवास करीत आणि जुनेच कपडे वापरीत. अनोळखी माणसाला ते एखादे गरीब कारकून वाटत.

या साधेपणाचे मूळ त्यांच्या मातोश्रींत होते. यादविगा झामोयस्का यांनी १८८२ साली कुर्निक येथे मुलींसाठी गृहकार्याची शाळा काढली होती. हद्दपारीनंतर ती शाळा १८९१ साली कुझ्निचे येथे आली. जेथे लोखंडासाठी अरण्य जाळले गेले, त्याच वस्तीत आता मुली स्वयंपाक, शिवण, धुणे आणि हिशेब शिकू लागल्या. शरीराचे काम, बुद्धीचे काम आणि आत्म्याचे काम ही तिन्ही कामे प्रत्येक माणसाने केली पाहिजेत, उमरावाची कन्या असो वा शेतकऱ्याची, हे त्या शाळेचे सूत्र होते. यादविगाबाईंना संतपद मिळावे म्हणून ख्रिस्तसभेत प्रक्रिया सुरू झालेली आहे.

झामोयस्की यांनी दिलेल्या जमिनीपैकी एका तुकड्याचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. क्राकोतील बेघरांमध्ये राहणारे ब्रदर आल्बर्ट हे पूर्वाश्रमीचे चित्रकार होते. १८६३ च्या उठावात त्यांनी एक पाय गमावला होता. त्यांच्या बंधूंना शांतपणे प्रार्थना करता यावी म्हणून झामोयस्की यांनी कालातुव्की येथील अरण्यात जागा दिली. तेथे लाकडी आश्रम उभा राहिला. याच ब्रदर आल्बर्टना १९८९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत म्हणून घोषित केले.

सरोवर कोणाचे?

जमीन विकत घेतली खरी, पण तिची पूर्वेकडील सीमा निश्चित नव्हती. मोर्स्क्ये ओकोच्या पलीकडे हंगेरीची हद्द होती आणि तेथील जहागीर होहेनलोहे नावाच्या जर्मन राजपुत्राने घेतलेली होती. सरोवराचा अर्धा भाग व वरचे काळे तळे आपले आहे असा त्याचा दावा होता. हद्दीवरून दोन्हीकडच्या माणसांत चकमकी झडू लागल्या. ऑस्ट्रिया आणि हंगेरी एकाच सम्राटाच्या छत्राखाली असल्याने प्रकरण नाजूक होते. अखेरीस ग्रात्स येथे लवादाचे न्यायालय बसले. स्वित्झर्लंडचे न्यायाधीश योहान विंकलर हे त्याचे अध्यक्ष झाले.

गॅलिशियाची बाजू ल्वूव विद्यापीठातील कायद्याच्या इतिहासाचे प्राध्यापक ओस्वाल्ड बाल्झर यांनी मांडली. शतकांपूर्वीची दानपत्रे, नकाशे आणि मोजणीचे कागद त्यांनी न्यायालयापुढे ठेवले. स्विस तज्ज्ञाने स्वतः डोंगरावर जाऊन जागेची पाहणी केली. १३ सप्टेंबर १९०२ रोजी निकाल लागला. सरोवर आणि काळे तळे ही दोन्ही गॅलिशियाकडे राहिली. ज्या राष्ट्राला राज्य नव्हते, सैन्य नव्हते, त्याने एक सीमा जिंकली होती आणि तीही रक्ताचा थेंब न सांडता, केवळ जपून ठेवलेल्या कागदांच्या बळावर. आम्ही ज्या रस्त्याने चालत आलो, त्याला बाल्झर यांचेच नाव दिलेले आहे. जुनी कागदपत्रे म्हणजे कपाटातील धूळ असे मानणाऱ्यांनी या रस्त्यावरून एकदा अवश्य चालावे.

आदल्याच वर्षी, १९०१ साली, झाकोपानेच्या धर्मग्रामाने ग्येव्होंत या शिखरावर १५ मीटर उंचीचा लोखंडी क्रूस उभारला होता. ख्रिस्तजन्माच्या १,९०० वर्षांच्या स्मरणार्थ धर्मग्रामस्थांनी त्याचे शेकडो सुटे भाग पाठीवर वाहून वर नेले. जून १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी झाकोपाने येथे मिस्सा अर्पण केली, तेव्हा याच क्रूसाकडे निर्देश करून त्यांनी लोकांना सांगितले, की क्रूसाची लाज बाळगू नका. कॅरोल वोयतिला या नावाने तरुणपणी ज्या डोंगरांत ते विद्यार्थ्यांना घेऊन भटकले, त्यांचा निरोप घेण्यासाठी जणू ते आले होते. मात्र डोंगर श्रद्धाळूलाही नियमांतून सूट देत नाही. २२ ऑगस्ट २०१९ रोजी अचानक आलेल्या विजांच्या वादळात तात्राच्या पोलिश बाजूस चार जण मृत्युमुखी पडले. त्यांत दोन बालके होती. शंभराहून अधिक लोक जखमी झाले. ग्येव्होंतच्या माथ्याजवळ त्या वेळी मोठी गर्दी होती. आता तेथे वादळाची चाहूल लागताच मागे फिरा, असे वारंवार बजावले जाते.

दान आणि त्यानंतर

१९१८ साली पोलंड स्वतंत्र झाला. झामोयस्की तेव्हा वृद्धत्वाकडे झुकले होते. त्यांना मूलबाळ नव्हते. १९२४ साली त्यांनी कुर्निकची जहागीर, तेथील समृद्ध ग्रंथालय आणि तात्रातील आपली मालमत्ता असे सर्वस्व राष्ट्राला अर्पण केले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला ते निवर्तले. पस्तीस वर्षे ज्या डोंगराचे ते कायदेशीर मालक होते, त्याला त्यांनी कधी आपला मानलाच नव्हता. ते त्याचे कारभारी होते आणि कारभाऱ्याने हिशेबासह किल्ल्या परत कराव्यात तशा त्यांनी त्या परत केल्या.

दान मिळाले म्हणून रक्षण आपोआप होत नाही. १९३६ साली कास्प्रोवी शिखरावर तारेवरून चालणारी पाळण्यांची गाडी सुरू झाली. त्या बांधकामाच्या निषेधार्थ वनस्पतिशास्त्रज्ञ व्लादिस्लाव शाफेर यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय निसर्गरक्षण मंडळाने राजीनामे दिले. पुढे युद्ध आले. स्लोव्हाकियाच्या बाजूस १९४९ पासून आणि पोलंडच्या बाजूस १ जानेवारी १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. ज्या सीमेवरून एके काळी भांडण झाले, तिच्या दोन्ही अंगांची उद्याने १९९२ साली युनेस्कोच्या एकाच जीवावरण राखीव क्षेत्रात सामील झाली.

आता तो राहिलेला हिशेब. तात्रात दक्षिणेकडून 'हाल्नी' नावाचा उष्ण, सोसाट्याचा वारा येतो. स्प्रूसची मुळे उथळ असतात. मिश्र अरण्यात बीच आणि फर यांच्या खोल मुळांचा आधार असे, पण एकट्या स्प्रूसच्या राया वाऱ्यापुढे आडव्या होतात आणि पडलेल्या झाडांवर साल पोखरणारे भुंगे वाढतात. १९ नोव्हेंबर २००४ रोजी स्लोव्हाकियाच्या बाजूस वादळाने काही तासांत सुमारे १२,००० हेक्टर अरण्य भुईसपाट केले. त्यात माणसाने लावलेल्या स्प्रूसचा भरणा फार मोठा होता. झामोयस्की यांनाही ते जुने अरण्य जसेच्या तसे परत आणता आले नाही. एका सेंटने तोड थांबली, पण तुटलेले अरण्य दीड शतकानंतरही पुरते सावरलेले नाही. विकत घेता येते ती जमीन. अरण्य काळानेच द्यावे लागते.

आज पोलिश उद्यानात वर्षाला ४० लाखांहून अधिक पाहुणे येतात. आम्हीही त्यांतलेच. सरोवराच्या काठी बसून आम्ही डबे उघडले. आमच्यातील एका लहान मुलाने लिंबा वृक्षाखाली पडलेले एक शंकूच्या आकाराचे फळ आठवण म्हणून खिशात टाकले. घोडागाडीतून आलेल्या त्याच्या आजीने ते पाहिले. या वनातून काहीही न्यायचे नाही, हे मार्गदर्शिकेने सकाळीच सांगितलेले होते. आजी त्याला हळूच म्हणाल्या, "बाळा, ते ठेव तिथंच. त्या पाखराची शिदोरी आहे ती."

त्याने क्षणभर फळाकडे पाहिले, मग ते झाडाच्या बुंध्याशी नीट ठेवले आणि हात झटकून तो आजीचा हात धरून परतीच्या वाटेला लागला.